कोळ्याची नाडी



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते त्यांनी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं. तेव्हा इथे प्राण्यांबद्दल बोलायला कुणाची हरकत नसावी. प्राणी मात्र मी जरा नावडता निवडला आहे. विषय कळवला तेव्हा फोनवर पहिला प्रश्न आला, ‘कोळ्याला हृदय असतं का हो?’ असतं, आणि त्याचे ठोके मोजताही येतात. ते मोजताना कोळ्याला इजा का करू नये, याचं उत्तर दयाबुद्धीत आहेच. पण त्याहून जास्त ते भौतिकशास्त्रात आहे. आजचं माझं म्हणणं तेवढंच.

केर काढताना पाय पोटाशी आवळून पडलेला कोळी आपण सगळ्यांनीच पाहिला आहे. मेला, असं समजून आपण त्याला सुपलीत भरतो. बहुतेक वेळा तो मेलेलाच असतो. पण पाय का आवळले जातात, हे आपण विचारत नाही. कोळ्याच्या हृदयाची सगळी गोष्ट त्या आवळलेल्या पायांतच आहे.

आधी हृदय कुठे असतं ते पाहू. कोळ्याचं शरीर दोन भागांचं. पुढच्या भागाला शिरोवक्ष म्हणतात. डोळे, जबडे आणि आठही पाय त्यालाच. मागचा भाग म्हणजे उदर. दोन्ही एका बारीक देठाने जोडलेले असतात. हृदय मागच्या भागात, पाठीकडे, त्वचेच्या लगेच खाली असतं. ती एक लांबट नळी असते आणि तिच्या भिंतींत जोडीजोडीने फटी असतात. नळी आकुंचन पावली की फटी मिटतात आणि रक्त मुख्यतः पुढे, थोडं मागे आणि बाजूंना ढकललं जातं. मग नळीला चहूबाजूंनी धरून ठेवणारे लवचीक तंतू तिला पुन्हा ताणून रुंद करतात, फटी उघडतात आणि भोवतीच्या पोकळीतलं रक्त आत शिरतं. हे रक्त नुकतंच फुप्फुसांतून आलेलं असतं. कोळ्याची फुप्फुसं वहीच्या पानांसारख्या पातळ पदरांची असतात, म्हणून त्यांना पुस्तक-फुप्फुसं म्हणतात. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारा पदार्थ तांब्याचा, त्याचं नाव हिमोसायनिन. ऑक्सिजन मिळाला की त्यावर निळसर झाक येते.

रक्तवाहिन्या थोड्या अंतरापर्यंतच जातात, पुढे रक्त मोकळं सुटतं आणि अवयवांना भिजवत परत फिरतं. शाळेच्या पुस्तकात याला खुली रक्ताभिसरण संस्था म्हटलेलं असतं आणि ‘खुली’ म्हणजे काहीशी ढिली, कमी दर्जाची, असा आपला समज होतो. कोळ्याच्या बाबतीत हा समज साफ चुकीचा आहे.

कोळ्याच्या प्रत्येक पायात दोन महत्त्वाचे सांधे असे आहेत की त्यांना वाकवणारे स्नायू आहेत, पण सरळ करणारे नाहीत. मग पाय सरळ कसा होतो? जेसीबीचा हात तेलाच्या दाबावर उचलला जातो, तसा कोळ्याचा पाय रक्ताच्या दाबावर ताणला जातो. केंब्रिजच्या पॅरी आणि ब्राऊन या दोघांनी 1959 साली घरात राहणाऱ्या एका युरोपीय कोळ्याच्या पायातला हा दाब मोजला. स्वस्थ असताना तो पाऱ्याच्या सुमारे 50 मिलिमीटरइतका होता, आणि क्षणभरासाठी 400 मिलिमीटरपर्यंत चढत होता. आपल्याकडे वरचा आकडा 180 दिसला की डॉक्टर काळजीत पडतात. त्याच वर्षी त्यांनी उडी मारणाऱ्या कोळ्याचाही हिशेब मांडला: मागच्या पायांत एकाएकी दाब वाढतो आणि कोळी स्वतःच्या लांबीच्या कितीतरी पट दूर फेकला जातो.

हा दाब हृदय तयार करत नाही, शिरोवक्षातले स्नायू तयार करतात. त्यामुळे एक विचित्र अडचण उभी राहते. कोळी जिवाच्या आकांताने धावतो तेव्हा पुढच्या भागात दाब इतका चढतो की मागचं हृदय तिकडे रक्त ढकलूच शकत नाही. ज्या क्षणी पायांना ऑक्सिजन सगळ्यात जास्त हवा, त्याच क्षणी पुरवठा अडतो. धावणं उधारीवर होतं आणि ती उधारी नंतर फेडावी लागते. कोळी थोडंसं धावून दमतो, थांबतो, आणि थांबल्यावर त्याचं हृदय बराच वेळ जोरात चालत राहतं. पाल कोळ्यामागे लागलेली कधी पाहिलीत तर लक्ष द्या, पहिली झेप चुकवली तरी कोळ्याला दुसरी, तिसरी जड जाते.

आता अशा दाबाखाली जगणाऱ्या प्राण्याच्या पाठीत सुई घातली तर काय होईल? रक्त बाहेर येईल, दाब उतरेल, पाय नीट ताणले जाणार नाहीत आणि हृदयात परतणारं रक्त कमी होईल. म्हणजे जे मोजायला निघालो तेच मोजणीने बदललं. बेडकाच्या किंवा कुत्र्याच्या बाबतीत सावधपणे घातलेलं विद्युताग्र तुलनेने कमी बिघाड करतो. कोळ्यात बिघाड आणि मोजणी वेगळी काढणं अवघड.

तरीही सुया घातल्या गेल्या, आणि त्या घालणाऱ्यांना मी दोष देणार नाही. विल्सन यांनी 1967 साली ज्या कोळ्याच्या हृदयाचा अभ्यास प्रसिद्ध केला तो हेटेरोपोडा व्हेनाटोरिया. कोकणातल्या जुन्या घरांत भिंतीवर चिकटून बसणारा, पोटाखाली चपटी अंडपिशवी धरून फिरणारा तो मोठा चपटा कोळी. 1968 साली शेर्मन आणि पॅक्स यांनी अमेरिकेतल्या बिळात राहणाऱ्या एका लांडगा-कोळ्यावर काम केलं. या मालिकेतून कळलेली गोष्ट नुसत्या निरीक्षणाने कळलीच नसती: कोळ्याच्या हृदयाचा ठोका स्नायूत जन्मत नाही, हृदयाच्या पाठीवरून जाणाऱ्या चेतापेशींच्या पट्ट्यात जन्मतो. आपलं हृदय शरीराबाहेर काढलं, चेतातंतू तोडले, तरी काही काळ आपल्याआप धडधडतं, कारण ठोक्याचा उगम त्याच्या स्नायूतच आहे. कोळ्याच्या हृदयाला हुकूम चेतापेशींकडून येतो. हे शोधायला उघडून पाहणं भाग होतं. मुद्दा एवढाच की ठोका कुठे जन्मतो, या प्रश्नाला सुई चालते. शांत बसलेल्या कोळ्याचे ठोके मिनिटाला किती, या प्रश्नाला चालत नाही. दुर्दैवाने बरेचदा दोन्ही प्रश्नांना एकच हत्यार वापरलं गेलं.

न टोचता हृदय मोजण्याचा हट्ट माणसाच्या वैद्यकातही जुना आहे. लंडनच्या ऑगस्टस वॉलर यांनी 1887 साली माणसाच्या हृदयाची विद्युत नोंद शरीराच्या बाहेरूनच घेतली. ते प्रयोग दाखवायला आपला जिमी नावाचा बुलडॉग घेऊन जात आणि त्याचे पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत ठेवून त्याच्या ठोक्याची रेघ उमटवत. 1909 साली रॉयल सोसायटीत हा प्रयोग झाला, आणि कुत्र्याशी क्रूरपणा होतो आहे का, असा प्रश्न थेट ब्रिटिश संसदेत विचारला गेला. गृहमंत्री ग्लॅडस्टन यांनी भांड्यात फक्त खारं पाणी असल्याचा खुलासा केला. गंमत अशी, की ज्याला काहीही टोचलेलं नव्हतं अशा कुत्र्यासाठी संसद जागी झाली. त्या काळात, आणि नंतरही कितीतरी वर्षं, टाचण्यांनी ताणलेल्या हजारो कोळ्यांसाठी कुणी तोंड उघडलं नाही. उघडावं अशी कुणाची अपेक्षाही नव्हती.

कोळ्यात तर बाहेरून पाहण्याची सोय निसर्गानेच केलेली आहे. हृदय त्वचेलगत, आणि उदराची त्वचा मऊ, पातळ. बऱ्याच जातींत पाठीवर हृदयाच्याच आकाराचा लांबट पट्टा दिसतो. अभ्यासक त्याला हृदयचिन्ह म्हणतात. नुकती अंड्यातून बाहेर पडलेली पिल्लं तर जवळजवळ पारदर्शक. जिनिव्हाचे एदुआर क्लापारेद यांनी 1863 साली लांडगा-कोळ्यांच्या रक्ताभिसरणावर निबंध लिहिला, तो या पारदर्शकपणाच्या बळावर. सूक्ष्मदर्शक, पिल्लू आणि चिकाटी, इतकंच भांडवल. आज कुठल्याही महाविद्यालयात एवढं असतं. चिकाटीबद्दल मी बोलत नाही.

मोठ्या, केसाळ, गडद कोळ्यांत डोळ्यांना काही दिसत नाही. तिथे प्रकाशाची मदत घ्यावी लागते. मिसुरी विद्यापीठातले कॅरल आणि हीथकोट यांनी 1976 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात जे काम छापलं, ते या विषयातलं मला सगळ्यात आवडतं. त्यांनी क्षीण, न तापवणारा लेझर कोळ्याच्या उदरावर सोडला आणि प्रकाशसंवेदकाने तो टिपला. हृदय भरतं-रितं होतं तसा प्रकाश कमी-जास्त होतो, आणि त्या चढउतारातून ठोके मोजता येतात. कोरोनाच्या साथीत घराघरात बोटाला लावलेला ऑक्सिमीटर नाडी मोजतो तो याच तत्त्वावर. खेकडे आणि शिंपल्यांसाठी डेप्लेज आणि अँडरसन यांनी 1990 च्या सुमारास अवरक्त प्रकाशाची अशीच संगणकाला जोडलेली यंत्रणा बसवली. कवचावर बाहेरून संवेदक लावायचा आणि दिवसच्या दिवस नोंद घेत राहायचं.

कॅरल आणि हीथकोट यांना काय मिळालं? एक तर अपेक्षित तेच: आकार लहान तर ठोके जलद. सर्वसाधारणपणे मोठ्या कोळ्यांत मिनिटाला 30 ते 70 आणि छोट्यांत शंभराच्या वर ठोके असतात. सस्तन प्राण्यांतही असंच. उंदराचं हृदय हत्तीच्या कितीतरी पट वेगाने धावतं. पण दुसरी गोष्ट जास्त मोलाची. आकार सारखा असूनही काही कोळ्यांचे ठोके फारच संथ होते. विशेषतः उत्क्रांतीच्या जुन्या शाखांमधले, भक्ष्य आपल्यापाशी येण्याची वाट पाहणारे. म्हणून त्यांनी विश्रांतीतले ठोके हे कोळ्याच्या जगण्याच्या खर्चाचं माप मानलं. एकूणच कोळी हा काटकसरी प्राणी. तेवढ्याच वजनाच्या इतर थंड रक्ताच्या प्राण्यांच्या मानाने त्याचा ऑक्सिजनचा खर्च कमी असतो आणि उपाशीपणी तो आणखी उतरतो. आठवडेच्या आठवडे काही न खाता जाळ्यात बसून राहणं त्याला परवडतं ते यामुळे.

इथे मला थोडा आक्षेप घ्यायचा आहे. ठोके हे खर्चाचं माप म्हणून सोयीचं आहे, पण डोळे झाकून वापरण्यासारखं नाही. ठोका किती जलद हे कळतं. प्रत्येक ठोक्याला किती रक्त पुढे गेलं ते कळत नाही. शिवाय अनेक छोट्या कोळ्यांत श्वासनलिकाही असतात आणि काही ऑक्सिजन त्यांतून थेट अवयवांपाशी पोहोचतो. मग हृदयाच्या आकड्यावरून सगळा जमाखर्च कसा मांडायचा? दोन जातींची तुलना करताना तर हा धोका मोठाच. एकाच कोळ्याची आजची आणि पंधरा दिवसांनंतरची तुलना करायची असेल, तर मात्र हे माप उत्तम.

आता आवळलेल्या पायांकडे येऊ. उत्तर अमेरिकेत आर्जिओपी ऑरान्शिया नावाचा कोळी आहे. आपल्या बागेत जाळ्यावर नागमोडी पांढरी नक्षी काढणारे ‘सिग्नेचर स्पायडर’ त्याचेच भाऊबंद. फोलमर आणि फेअरबर्न यांनी 2003 साली दाखवलं की या जातीचा नर मीलनाच्या वेळी तोंडालगतच्या दोन स्पर्शपादांपैकी, म्हणजे वीर्य पोहोचवणाऱ्या अवयवांपैकी, दुसरा मादीत घालतो त्याच क्षणी निश्चेष्ट होतो आणि मग मरतो. मादीने मारलं म्हणून नव्हे. त्याचं मरण त्या क्रियेलाच जोडलेलं आहे. त्याचं प्रेत तिथेच अडकून राहतं आणि दुसऱ्या नराच्या आड येतं. मग 2013 साली नेब्रास्का विद्यापीठातल्या श्वार्ट्झ, वॅग्नर आणि हेबेट्स यांनी डोलोमेडीस टेनेब्रोसस या मासेमार कोळ्यात तसंच काहीसं पाहिलं. नराचा स्पर्शपाद रक्ताच्या दाबाने फुगतो. इतर जातींत तो पुन्हा पूर्ववत होतो, इथे मात्र फुगलेलाच राहतो. नर लगेच पाय आवळून लटकतो.

तुम्ही-आम्ही वहीत लिहिलं असतं: नर तत्काळ मेला. पण उदरावरून दिसणारं हृदय सांगत होतं की तो अजून जिवंत आहे. ठोके थांबायला त्यानंतर बराच वेळ गेला. पाय आवळले जाणं ही दाब गेल्याची खूण आहे, प्राण गेल्याची नव्हे. आणि या दोन घटनांमधलं अंतर केवळ हृदय पाहिल्यामुळे कळलं. इथे टोचून मोजलं असतं तर सगळं संशोधनच निकालात निघालं असतं, कारण ‘बाहेरच्या इजेशिवाय आलेलं मरण’ हाच तर सिद्धान्त होता. इजा न करणं ही इथे सौजन्याची बाब उरत नाही, पुराव्याची अट होते.

केसाळ टॅरँटुलांच्या बाबतीत 2011 साली एडिंबरामधून एक वेगळी बातमी आली. गॅव्हिन मेरिफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांसाठी वापरलं जाणारं एमआरआय यंत्र टॅरँटुलावर चालवलं आणि धडधडणारं हृदय, त्यातून वाहणारं रक्त चित्रफितीत पाहिलं. ग्लासगोच्या परिषदेत त्यांनी अशी शक्यता मांडली की या हृदयात एका ठोक्यात दुहेरी आकुंचन होत असावं. वर्तमानपत्रांनी ती उचलून धरली. मला ती आकर्षक वाटते, सिद्ध झालेली वाटत नाही. परिषदेत मांडलेली शक्यता आणि तपासून उभा राहिलेला निष्कर्ष यांत फरक ठेवायला हवा. पण शरीर न उघडता, आतल्या प्रवाहाची दिशा दाखवणारं साधन हाती आलं, हे खरंच मोठं.

तरीसुद्धा ‘न टोचता’ म्हणजे ‘न छळता’ नव्हे. एमआरआयमध्ये प्राणी निश्चल हवा. निश्चल ठेवण्यासाठी भूल द्यावी लागते आणि भूल हृदयाची गती बदलते. कार्बन डायऑक्साइडने बेशुद्ध केलेल्या कोळ्याचे ठोके हे कार्बन डायऑक्साइडने बेशुद्ध केलेल्या कोळ्याचेच ठोके, त्यावरून शांत कोळ्याबद्दल काही सांगू नये. स्पंज आणि काच यांच्यामध्ये अलगद दाबून धरण्याची पद्धत आहे. ती रक्त सांडत नाही, पण धरलेला कोळी घाबरलेला असतो. प्रखर दिवा लावला तर उदर तापतं, आणि थंड रक्ताच्या प्राण्यात तापमान 10 अंशांनी वाढलं की ठोके साधारण दुप्पट ते तिप्पट होतात. म्हणजे सुई काढून दिवा आणला की चूक गेली असं नाही, तिने फक्त जागा बदलली. मी तर म्हणेन, रक्त सांडणारी चूक प्रामाणिक असते, ती निदान दिसते. दिव्याची चूक तक्त्यातल्या आकड्यांत गुपचूप बसते.

कोळ्याला दुखतं का, हा प्रश्न इथे कुणाच्या तरी मनात असणार. 1983 साली थॉमस आइस्नर आणि कामाझिन यांनी आर्जिओपीच्या पायावर प्रयोग केले. डंख मारणाऱ्या भक्ष्याने पायात विष सोडलं की कोळी तो पाय सांध्यापाशी तोडून टाकतो. नाहीतर विष अंगात चढेल. त्यांनी मधमाशीच्या विषातले घटक वेगवेगळे टोचून पाहिले. ज्या पदार्थांनी माणसाला दुखतं, त्यांतल्या बऱ्याच पदार्थांना कोळ्याने पाय तोडून उत्तर दिलं. याला वेदना म्हणायचं की नुसती प्रतिक्रिया, यावर त्यांनीही प्रश्नचिन्हच ठेवलं. कायद्याचं म्हणाल तर ब्रिटनचा 1986 चा प्रयोगांविषयीचा कायदा पाठीचा कणा असलेले प्राणी आणि ऑक्टोपससारखे जीव यांनाच संरक्षण देतो. आपला 1960 चा प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा मात्र ‘प्राणी’ या शब्दाखाली माणूस सोडून सगळेच जिवंत जीव घेतो. कागदावर तरी कोळी आपल्याकडे प्राणी आहे. प्रत्यक्षात त्याच्यासाठी कुणी कोर्टाचं दार ठोठावलेलं मी पाहिलेलं नाही.

समोर विद्यार्थी बरेच दिसतात, म्हणून शेवटी थोडं कामाचं बोलतो. आज यासाठी लेझर लागत नाही, मोबाइलचा कॅमेरा पुरतो. तो सेकंदाला 30 चित्रं घेतो, आणि शांत कोळ्याचं जलद हृदयही सेकंदाला दोन-तीन ठोके देतं. एवढ्या चित्रांत ते निसटत नाही. 2012 साली एमआयटीच्या मंडळींनी चित्रफितीतला डोळ्यांना न दिसणारा रंगबदल कितीतरी पटीने वाढवून माणसाच्या चेहऱ्यावरची नाडी दाखवली होती. हृदयचिन्हावरचा उजेड-अंधार मोजण्याचं तत्त्व तेच, आणि त्यासाठी मोफत मिळणारी संगणकप्रणाली पुरेशी आहे. आपल्या न्हाणीघराच्या कोपऱ्यात राहणारे लांब पायांचे, हात लावला की अंग थरथरवणारे कोळी या कामाला चांगले, कारण त्यांचं उदर फिकट असतं. एक मात्र लक्षात ठेवा, ते जाळ्यात उलटे लटकतात. पाठ खाली, म्हणजे हृदय जमिनीकडे. कॅमेरा खालून लावावा लागेल, आणि भिंतीला धक्का न लावता. थरथर सुरू झाली तर ती थांबून बराच वेळ जाईपर्यंत नोंद घेऊ नका.

आकड्याशेजारी खोलीचं तापमान लिहा, कोळ्याचं वजन लिहा, त्याने शेवटचं कधी खाल्लं ते माहीत असेल तर लिहा, आणि हालचाल थांबल्यापासून किती मिनिटांनी मोजलंत तेही लिहा. वजनासाठी कोळ्याला पकडावं लागेल, म्हणून वजन सगळ्यात शेवटी, ठोके मोजून झाल्यावर. एकच कोळी रात्री आणि दुपारी वेगळा आकडा देईल, तेव्हा दोन्ही वेळा मोजा. दुहेरी आकुंचनाचा प्रश्न या कॅमेऱ्याने सुटणार नाही. त्यासाठी केसाळ, मोठा कोळी आणि महागडं यंत्र लागतं. पण उपाशी कोळ्याचे ठोके रोज किती उतरतात आणि एक माशी खाल्ल्यावर किती तासांत परत चढतात, हे या कॅमेऱ्याने आणि न्हाणीघराच्या कोपऱ्यातल्या कोळ्याने सांगता येईल. प्रश्न असतील तर आता घेतो.